घड्याळातला किलोमीटर आणि रस्त्यावरचा किलोमीटर

दर वर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन संपली की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक तक्रार हमखास फिरते: रूट लांब होता, मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, माझ्या जीपीएस घड्याळात मात्र ४२.७ भरले. दुसऱ्याच्या घड्याळात ४२.४ असतात, तिसऱ्याच्या ४३ च्या आसपास. एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी धावलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तरी दोष मात्र रस्त्याला लावला जातो. मनगटावरचा आकडा खोटा असू शकतो ही शंका फार थोड्यांना येते. मला या वादात रस्त्याची बाजू घ्यायची आहे. आणि ती घेताना हेही सांगायचं आहे की चुकीच्या आकड्याची खरी किंमत मॅरेथॉनवाले मोजत नाहीत. ती मोजणारी मुलं आपल्याच गावांत, डांबरी रस्त्यांवर पहाटे धावत असतात.

आधी रस्ता कसा मोजतात ते पाहू. मुंबईसारखी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा दर्जा असलेली स्पर्धा घ्यायची तर मार्गाची मोजणी मान्यताप्राप्त मोजणीदाराकडूनच करून घ्यावी लागते, आणि ती जीपीएसने चालत नाही. ती होते सायकलने. पुढच्या चाकाच्या आसाजवळ जोन्स काउंटर नावाचा एक छोटा यांत्रिक गणक बसवतात. चाकाच्या एका फेऱ्यात तो वीसहून अधिक आकडे पुढे सरकतो, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या आसपासचा फरकही पकडतो. मोजणीआधी पोलादी टेपने आखलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल अनेकदा चालवून किती आकड्यांना किती मीटर हे ठरवतात, आणि मोजणी झाल्यावर पुन्हा तेच करतात, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर बदलतो. प्रत्येक वळण आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजायचं. एवढं करून वर हजारात एक इतकं अंतर मुद्दाम वाढवायचं, म्हणजे मॅरेथॉनमागे ४२ मीटर, जेणेकरून मार्ग कुठल्याही परिस्थितीत कमी भरू नये.

ही काटेकोर पद्धत ठेचा खाऊनच आली आहे. १९८१ साली न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटं १३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पुढे फेरमोजणीत तो मार्ग सुमारे १५० मीटर कमी निघाला आणि विक्रम गेला. इंग्लंडमधल्या मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षं ३८० मीटर कमी होता, हे २०१६ मध्ये जाहीर झालं. सुमारे २४ हजार धावपटूंच्या वेळा एका दिवसात निरर्थक ठरल्या. तिथे चूक माणसाचीच झाली होती, सायकलच्या प्रमाणीकरणात. म्हणजे रस्ताही चुकू शकतो, मला ते मान्य आहे. पण ३८० मीटर म्हणजे मॅरेथॉनचा एक टक्काही नाही. कुठल्याही एका घड्याळाच्या नेहमीच्या चुकीत तेवढा फरक सहज झाकला जातो. हजारो घड्याळांची सरासरी काढली तर शंका घेता येते, पण निवाडा शेवटी पुन्हा सायकलनेच होतो.

आता घड्याळाकडे येऊ. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. तिथून निघालेला संदेश आपल्या मनगटापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. घड्याळ किमान चार उपग्रहांच्या संदेशांना किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून आपली जागा काढतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे वेळ मोजण्यात अगदी किरकोळ गफलत झाली तरी जागा काही मीटर सरकते. हे तंत्र मुळात अचाट आहे. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात जाणूनबुजून चूक मिसळत असे. ती थांबली म्हणून आज खिशातल्या फोनला आपला रस्ता कळतो. पण अमेरिकी सरकारच फोनच्या जीपीएसबद्दल सांगतं की मोकळ्या आकाशाखाली साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जागा कळते. मोकळ्या आकाशाखाली, हे शब्द लक्षात ठेवावेत असे आहेत.

वाहनचालकाला पाच मीटरची चूक जाणवत नाही. अंतर मोजणाऱ्याला ती फार जाणवते. घड्याळ बहुधा दर सेकंदाला एक ठिपका टाकतं. धावणारा माणूस सेकंदाला तीनेक मीटर पुढे जातो आणि प्रत्येक ठिपका खऱ्या जागेच्या काही मीटर इकडे किंवा तिकडे पडतो. ते ठिपके जोडले की नागमोडी रेषा तयार होते, आणि नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा नेहमी लांबच असते. ठिपके डावीकडे चुकोत की उजवीकडे, अंतर वाढतंच. डावी-उजवी चूक एकमेकींना खोडून काढतील ही आशा इथे फोल आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये हे गणिताने मांडून दाखवलं. लागोपाठच्या ठिपक्यांच्या चुका बऱ्याचशा सारख्या असतात म्हणून ही वाढ हाताबाहेर जात नाही, एवढाच काय तो दिलासा. ती आणखी कमी करायला घड्याळातली प्रणाली रेषा गुळगुळीत करते, आणि मग वळणांचे कोपरे कापले जातात. म्हणजे सरळ रस्त्यावर अंतर फुगतं आणि घाटात आक्रसतं. कुठे किती, हे कंपनीगणिक आणि घड्याळागणिक बदलतं.

त्यात धावणारा स्वतः आतल्या रेषेने धावत नसतो. गर्दीत वाट काढायची, पाण्याच्या टेबलाकडे वळायचं, पुन्हा रस्त्याच्या मध्यावर यायचं. मुंबईत पेडर रोडच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. उपग्रहाचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून आला की त्याची वाट पंचवीस-तीस मीटरने लांबते आणि घड्याळाला वाटतं आपणच तितके दूर आहोत. पावसाळ्यात ताम्हिणीकडच्या गर्द झाडीत ओली पानं संदेश शोषून घेतात. माणसाचं शरीरही बरंचसं पाणीच, त्यामुळे मनगट खाली आलं की निम्मं आकाश धडाआड जातं. जुन्या कात्रज बोगद्यात तर आकाशच नाही; तिथे घड्याळ अंदाजाने पावलं मोजतं किंवा दोन टोकं सरळ जोडून टाकतं.

सुधारणा झाली आहे आणि ती नाकारणं अन्यायाचं होईल. २०२१-२२ पासून महागड्या घड्याळांत दोन वारंवारितांवर, म्हणजे जुन्या एल-१ आणि नव्या एल-५ वर, संदेश घेण्याची सोय आली. एल-५ संदेशातल्या संकेताचं माप एल-१ पेक्षा दहापट बारीक असल्यामुळे थेट आलेला संदेश आणि भिंतीवरून उडून आलेला संदेश वेगळे ओळखता येतात. उंच इमारतींच्या गल्लीत याचा फरक डोळ्यांना दिसतो. नकाशावरची रेषा आता सहसा इमारतींमधून जात नाही. आपल्या इस्रोच्या नाविक या जीपीएससारख्या भारतीय प्रणालीतला एनव्हीएस-०१ हा उपग्रह मे २०२३ मध्ये गेला, तोही एल-१ वर संदेश देणारा, म्हणजे छोट्या घड्याळांना वापरता येईल असा. पण दोन वारंवारिता वापरल्या की बॅटरी लवकर उतरते. म्हणून अनेक जण ती सोय बंद ठेवतात, आणि स्वस्त घड्याळांत ती बहुधा नसते.

चूक होणं हा गुन्हा नाही. प्रत्येक मापाला चूक असते. माझा आक्षेप आहे तो ती चूक न सांगता आकडा दाखवण्यावर. घड्याळ १०.०३ किलोमीटर दाखवतं तेव्हा शेवटचा तीन तीस मीटरचा हिशेब सांगत असतो, जणू तेवढं नक्की ठाऊक आहे. प्रत्यक्षात शहरात दहा किलोमीटरमागे शंभर-दोनशे मीटरची शंका सहज धरावी लागते. कंपन्यांच्या माहितीत जागेची अचूकता अमुक मीटर असं कधी लिहिलेलं सापडतं, पण ती मोकळ्या जागेतल्या स्थानाची असते. इमारतींत, झाडीत, चारशे मीटरच्या मैदानावर किंवा बॅटरी वाचवण्याच्या सोयीत एकूण अंतर किती टक्के चुकतं, हे खोक्यावर लिहिलेलं मला दिसलेलं नाही. रिक्षाच्या मीटरची आपल्याकडे तपासणी होते, किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर शिक्का लागतो, त्यासाठी वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ आहे. घड्याळ त्यात येत नाही, कारण त्याच्या आकड्यावर कुणी माल विकत नाही. हा युक्तिवाद दहा वर्षांपूर्वी पुरेसा होता. आज काही आरोग्य विमा कंपन्या पावलांच्या आणि व्यायामाच्या नोंदींवर सवलती देतात, कार्यालयांत अंतराच्या स्पर्धा लागतात आणि बक्षिसं वाटली जातात. टाळेबंदीच्या काळात तर अख्ख्या मॅरेथॉन घरच्या रस्त्यावर ॲपच्या भरवशावर झाल्या आणि प्रमाणपत्रंही मिळाली. ज्या आकड्यावर कुणाला काही मिळतं किंवा कुणाचं काही हुकतं, त्याच्या चुकीची मर्यादा जाहीर असलीच पाहिजे. घड्याळ बेकायदा ठरवा असं मी म्हणत नाही. खोक्यावर चार ओळी छापा, एवढंच म्हणतो: कुठल्या परिस्थितीत तपासलं, मोजलेल्या अंतराशी ताडून किती टक्के चूक आली.

मॅरेथॉनवाल्यांसाठी याचा अर्थ सोपा आहे. चार तासांत शर्यत संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा वेग लागतो. घड्याळ अखेरीस ४२.७ दाखवणार असेल आणि तुम्ही त्याच्याच वेगावर डोळे लावून ५:४१ राखलेत, तर शर्यत ४ तास २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास संपेल. हवा होता ५:३७. उपायही जुनाच आहे. घड्याळाची आपोआप किलोमीटर मोजण्याची सोय बंद करायची, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबायचं. वेळ घड्याळाची, अंतर रस्त्याचं. वेळ मोजण्यात घड्याळ चुकत नाही.

पण मॅरेथॉन धावणाऱ्याचं फार तर एक पदक हुकतं. माझ्या मनात खरी चिंता आहे ती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची.

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि या एका प्रकाराला पन्नासपैकी वीस गुण आहेत. गुण वेळेच्या टप्प्यांनुसार मिळतात. यादी किती कमी गुणांनी हुकते ते ज्यांच्या घरात भरतीचं पोर आहे त्यांना विचारा. बीड, लातूर, परभणी, सांगली, सोलापूर, कुठल्याही जिल्ह्यात पहाटे निघालात तर रस्त्याच्या कडेने धावणारी ही मुलं दिसतात. जवळ आखलेलं मैदान नसतं. मग १६०० मीटर कुठून कुठपर्यंत? कुणी मोटारसायकलच्या मीटरवर बघतं, जो शंभर मीटरपेक्षा बारीक दाखवत नाही. कुणी फोन खिशात घालून ॲप लावतं. त्या ॲपने अंतर दोन टक्के जास्त दाखवलं असं धरू. फोनच्या बाबतीत ही काही मोठी चूक नाही. मग ॲपवर १६०० झाले तेव्हा मुलगा प्रत्यक्षात १५६९ मीटरच धावलेला असतो. सव्वापाच मिनिटांच्या आसपास १६०० मारणाऱ्या मुलाला उरलेले ३१ मीटर धावायला सहा सेकंद लागतात. सहा महिने तो स्वतःला सहा सेकंद वेगवान समजत राहतो. मैदानावर मोजलेल्या ट्रॅकवर तो धावतो आणि आपली वेळ कमी का पडली हे त्याला कळतच नाही. त्याला वाटतं दडपण आलं, झोप झाली नव्हती, पाय भरले. ८०० मीटरला तर आणखी अवघड, कारण सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिपक्यांची चारपाच मीटरची चूक तेवढीच राहते आणि अंतर मात्र निम्मं होतं. शिवाय मुली बहुतेकदा गावाजवळच्या लहान मैदानावर गोल धावतात, आणि लहान गोलावर जीपीएस सगळ्यात जास्त चुकतं. रेषा कधी मैदानाबाहेर जाते, कधी आत कोसळते.

या मुलांकडे दोन वारंवारितांचं महागडं घड्याळ नाही आणि असायची गरजही नाही. लागते ती सायकल. चाकावर खडूची खूण करायची, ते पन्नास मीटरच्या टेपवर सरळ चालवून एका फेऱ्याचं अंतर काढायचं आणि मग रस्त्यावर फेरे मोजत जायचं. फेऱ्याला २.१ मीटर धरले तर १६०० मीटरला ७६२ फेरे होतात. जोन्स काउंटर याहून वेगळं काही करत नाही. दोघांनी दोनदा मोजायचं, दोन्ही वेळचे आकडे जुळले की फक्की मारायची किंवा कडेला रंगाची खूण करायची. अशी खूण एकदा झाली की पुढच्या प्रत्येक पोराला ती फुकट मिळते, आणि ती ढगाळ हवेत, झाडाखाली, फोन बंद पडल्यावरही तिथेच असते.

सायकलवाल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी आपला प्रश्न बराच सोडवला आहे. चाकाच्या हबला बसणारा सेन्सर चाकाचा घेर अचूक भरला तर जीपीएसपेक्षा विश्वासू असतो. घाट उतरताना ताशी ३० किलोमीटरने एका सेकंदात आठ मीटर जातात आणि आखूड वळणावर ठिपके जोडणारी रेषा रस्ता कापून जाते. चाक मात्र रस्त्यालाच चिकटलेलं असतं. ब्रेव्हेवाल्यांनी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलफेरी पुरी करणाऱ्यांनी, तर याहून शहाणपणाची वाट धरली. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करायची, पण तुमच्या यंत्रात १९८ आले की २०४ याला तिथे किंमत नाही. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घेतलात का, ते पाहतात. अंतराची जबाबदारी मार्ग आखणाऱ्याची.

चढाचा आकडा मात्र सायकलवाल्यांनाही फसवतो. यंत्रं उंची बहुधा हवेच्या दाबावरून काढतात. दाब एक मिलिबारने बदलला की यंत्राला साधारण आठ-नऊ मीटर चढउतार झाल्यासारखा वाटतो. आपल्या भागात दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, फरक तीनेक मिलिबारचा. म्हणजे दिवसभर एकाच टपरीवर बसलात तरी यंत्र तुम्हाला पंचवीस मीटर वर चढवतं. वळिवाचं वादळ आलं तर विचारूच नका. जून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू लॅकलन मॉर्टन याने कोलोरॅडोतल्या एकाच चढावर पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टची ८,८४८ मीटर उंची साडेसात तासांच्या आसपास गाठली आणि विक्रमाची बातमी झाली. पडताळणीत त्या चढाची खरी उंची नोंदीपेक्षा कमी भरली आणि विक्रम नामंजूर झाला. काही दिवसांतच तो पुन्हा चढला आणि ७ तास २९ मिनिटं ५७ सेकंदांत उंची पूर्ण केली. तो पुन्हा चढू शकला, कारण त्याचं कामच ते होतं. भरतीच्या मुलाला त्याच आठवड्यात दुसरी संधी मिळत नाही.

मला सांगितलं जातं की घड्याळांमुळे लाखो माणसं घराबाहेर पडली, आकड्याच्या ओढीने चालू-धावू लागली, मग एक-दोन टक्क्यांचा बाऊ कशाला. पहिली गोष्ट खरी आहे आणि मला तिचा आनंद आहे. रोज त्याच रस्त्यावर, त्याच घड्याळाने धावणाऱ्याला स्वतःची प्रगती कळायला ते पुरेसं आहे; चूकही रोज साधारण तेवढीच असते. अडचण येते ती एका घड्याळाचा आकडा दुसऱ्याशी, किंवा घड्याळाचा आकडा मोजलेल्या मैदानाशी ताडताना, आणि स्पर्धा, भरती, सवलत या सगळ्या ठिकाणी नेमकं तेच केलं जातं. दुसरा आक्षेप असा की तंत्र सुधारतंय, थोडं थांबा. ते सुधारतंय ते वरच्या किमतीत. खालच्या किमतीचा फोन घेऊन धावणाऱ्याने किती वर्षं थांबायचं?

म्हणून महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा क्रीडा कार्यालयांकडे माझी मागणी आहे. जिथे माणसं रोज धावतात तिथे मोजलेल्या अंतराच्या खुणा करा. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्कचा कट्टा, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा फुटाळा, पणजीत मिरामारकडून दोना पावलाकडे जाणारा रस्ता, आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी किमान एक सरळ, सपाट १६०० मीटर. दर शंभर मीटरवर खूण, आणि सुरुवातीच्या खुणेपाशी एक पाटी, जिच्यावर हे अंतर कुठल्या पद्धतीने, कोणी आणि कोणत्या तारखेला मोजलं ते लिहिलेलं असेल. काही बागांत अंतराच्या पाट्या आहेतही, पण ते कशाने मोजलं याचा पत्ता नसतो, त्यामुळे त्यांच्यावर भरवसा ठेवावा की घड्याळावर हा प्रश्न तसाच राहतो. मोठ्या शर्यती घेणाऱ्या शहरांत मान्यताप्राप्त मोजणीदार येऊन जातात. त्यांच्याकडून स्थानिक क्रीडा शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण देता येईल. सरकारी कामात टेंडर निघण्याइतकाही हा खर्च नाही. पोलीस भरतीच्या पुढच्या मैदानी चाचणीची तारीख लागण्याआधी तालुक्यांतले ते १६०० आणि ८०० मीटर आखून व्हायला हवेत. शहरांतल्या खुणा त्यानंतर केल्या तरी चालतील.